शासकीय जाहिरात व सत्ताधाऱ्यांची स्वप्रसिद्धी

शासकीय जाहिरात : सरकारने सार्वजनिक निधीतून नागरिकांसाठी केलेली प्रसिद्धी. निविदा, नोकरभरती, भूसंपादन यांच्या वर्गीकृत जाहिरातींबद्दल कोणाची तक्रार नसते. वाद दर्शनी जाहिरातींचा आहे : वर्तमानपत्राचे पहिले पान झाकणारे ‘जॅकेट’, चौकातले होर्डिंग, लाभार्थ्याच्या हातात पडणारी छायाचित्राची पिशवी. सरकारने बोलूच नये असे कोणी म्हणत नाही. पल्स पोलिओची मोहीम जाहिरातींशिवाय घरोघरी पोचली नसती, आणि माहीत नसलेली योजना गरजूच्या काही कामाची नाही. पण पात्रता, कागदपत्रे, मुदत आणि तक्रार कुठे करायची याला जाहिरातीत किती जागा मिळते आणि चेहऱ्यांना किती, एवढे मोजले तरी ती कोणासाठी काढली हे बहुधा कळते.

केंद्रात हे काम १९५५ पासून जाहिरात व दृश्य प्रसिद्धी संचालनालय (डीएव्हीपी) पाहत असे. आता ते केंद्रीय संचार ब्युरोकडे आहे. महाराष्ट्रात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय जाहिराती वाटते आणि ‘लोकराज्य’ मासिकही काढते. या वाटपाचे हत्यार होऊ शकते हे आणीबाणीत उघड झाले. प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावर जनता सरकारने ऑगस्ट १९७७ मध्ये श्वेतपत्रिका काढली. तिच्यानुसार वृत्तपत्रांची मित्र, तटस्थ आणि विरोधी अशी वर्गवारी झाली होती आणि जाहिराती त्या हिशेबाने दिल्या जात होत्या. वृत्तपत्राला गप्प करायला दरवेळी सेन्सॉर लागत नाही, जाहिरातीचा आदेश अडवला तरी भागते. फेब्रुवारी २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर प्रशासनाने ‘ग्रेटर काश्मीर’ आणि ‘काश्मीर रीडर’ यांच्या जाहिराती बंद केल्या, तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांनी निषेधादाखल पहिले पान कोरे सोडले. महाराष्ट्रातल्या जिल्हा दैनिकांचे अर्थकारणही सरकारी जाहिरातींवर बरेच टेकलेले आहे. त्यामुळे जाहिरातींवरच्या सरकारी उधळपट्टीवर कडक अग्रलेख क्वचितच दिसतात, आणि ते स्वाभाविकही आहे.

‘इंडिया शायनिंग’ हे आधुनिक भारतातले सरकारी स्वप्रसिद्धीचे सर्वांत गाजलेले उदाहरण. वाजपेयी सरकारने २००३–०४ मध्ये ही मोहीम चालवली आणि मे २००४ मध्ये ते सरकार पडले. यावरून ‘जाहिरातींनी मते मिळत नाहीत, मग कशाला चिंता’ असा युक्तिवाद होतो, पण तो पोकळ आहे. पैसा करदात्याचा होता, आणि तो वाया गेला म्हणून खर्च योग्य ठरत नाही. ‘कॉमन कॉज’ आणि ‘सेंटर फॉर पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशन’ या संस्थांच्या याचिका याच काळातल्या. त्यांचा निकाल लागायला दशकाहून अधिक काळ गेला. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये कायदेतज्ज्ञ एन. आर. माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १३ मे २०१५ रोजी न्या. रंजन गोगोई यांच्या पीठाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. जाहिरात सरकारच्या जबाबदारीशी संबंधित असावी, मजकूर वस्तुनिष्ठ असावा, पक्षाचे हित साधणारा नसावा, खर्च समर्थनीय असावा, कायद्याचे पालन व्हावे, असा त्यांचा गाभा.

या निकालाची चर्चा मात्र छायाचित्रांपाशीच अडकली. जाहिरातीत फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचीच छायाचित्रे असावीत, तीही त्यांनी ठरवले तर, असे न्यायालयाने म्हटले होते. राज्ये चिडली, आणि त्यात तथ्य होते : मुख्यमंत्र्याचा चेहरा प्रचार ठरत असेल तर पंतप्रधानांचा चेहरा माहिती कसा ठरतो? केंद्र आणि अनेक राज्यांच्या फेरविचार याचिकांवर १८ मार्च २०१६ रोजी राज्यपाल, मुख्यमंत्री आणि संबंधित खात्याचे मंत्री यांनाही मुभा मिळाली. पहिला आदेश लंगडा होता हे खरे, पण दुसऱ्याने तो सावरण्याऐवजी बंदीतला दमच काढून घेतला.

छायाचित्रांच्या या गदारोळात दोन शिफारशी मागे पडल्या. निवडणुकीच्या तोंडावर जाहिरातींना बंदी असावी आणि त्यांचे खास लेखापरीक्षण व्हावे, असे मेनन समितीने सुचवले होते. न्यायालयाने दोन्ही स्वीकारल्या नाहीत. मजकूर तत्त्वांत बसत असेल तर वेळेचे वेगळे बंधन नको, आणि लेखापरीक्षणाची यंत्रणा आहेच, असे त्याचे म्हणणे. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी चूक इथे झाली. जाहिरात माहितीची की मताची, हे तिच्यातल्या चेहऱ्यापेक्षा तिची तारीख अधिक स्पष्ट सांगते.

आदर्श आचारसंहितेने हा प्रश्न सुटत नाही. तिच्यातला सत्ताधारी पक्षाविषयीचा भाग १९७९ मध्ये आला. सरकारी तिजोरीतून जाहिराती देणे टाळावे असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, पण ते बंधन निवडणूक जाहीर झाल्यावर सुरू होते. महाराष्ट्रात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात आली, आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. मधल्या काळात योजनेच्या प्रसिद्धीसाठी सुमारे २०० कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला, आणि सरकारी योजना लोकांपर्यंत नेण्यासाठी दरमहा १० हजार रुपये मानधनावर ५० हजार ‘योजनादूत’ नेमण्याचे ठरले. महिना १,५०० रुपये मिळवण्यासाठी अर्ज भरणाऱ्या बाईला माहिती हवीच होती, यात शंका नाही. पण ज्या योजनेसाठी सेतू केंद्रापासून अंगणवाडीपर्यंत रांगा लागल्या, तिला जाहिरातीची गरज किती उरली होती, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. नियमभंग मात्र कुठेच दाखवता येणार नाही.

महाराष्ट्रात हा मोह एका पक्षापुरता नाही. २०१७ मध्ये फडणवीस सरकारच्या ‘मी लाभार्थी’ मोहिमेतल्या एका शेततळ्याचे श्रेय कोणत्या सरकारचे, यावरून वाद झाला. मे २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट ओसरलेली नसताना, उपमुख्यमंत्री अजित पवार यांची समाजमाध्यमे सांभाळण्यासाठी सुमारे ६ कोटी रुपयांचा शासन निर्णय निघाला आणि टीका होताच तो दुसऱ्या दिवशी रद्द झाला. २०२२ च्या दिवाळीपासून १०० रुपयांत दिल्या गेलेल्या ‘आनंदाचा शिधा’ संचात रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल होते, पिशवीवर मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री होते. शिध्याची पिशवी रिकामी झाली तरी घरात वर्षभर वापरली जाते, आणि कोणतीही समिती तिला जाहिरात म्हणून मोजत नाही.

मजकुरावर देखरेखीसाठी एप्रिल २०१६ मध्ये माजी मुख्य निवडणूक आयुक्त बी. बी. टंडन यांच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्य समिती नेमली गेली. राज्यांनी आपापल्या समित्या नेमाव्यात अशी अपेक्षा होती. २०२० मध्ये केंद्राने दिलेल्या माहितीत अशी समिती नेमलेली राज्ये चारच होती : कर्नाटक, गोवा, मिझोराम आणि नागालँड. गोव्याने केले ते महाराष्ट्राने केलेले त्या यादीत दिसत नाही. समितीचे सर्वांत गाजलेले प्रकरण दिल्लीचे. आम आदमी पक्षाच्या सरकारच्या जाहिराती तिने तत्त्वभंग ठरवल्या. डिसेंबर २०२२ मध्ये नायब राज्यपालांनी पक्षाकडून ९७ कोटी रुपये वसूल करण्याचा आदेश दिला आणि पुढच्याच महिन्यात व्याजासह सुमारे १६४ कोटींची नोटीस गेली. त्याच सरकारची एक पानभर जाहिरात १६ जुलै २०२० रोजी मुंबईत छापून आली होती. दिल्लीच्या शाळांशी मुंबईच्या वाचकाचा काय संबंध, असे समितीने विचारले. प्रश्न रास्त होता. पण इतर राज्यांच्या जाहिरातीही मुंबईत येतात, आणि समितीची नजर कोणावर पडते याला राजकारणाचा रंग असतोच. जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या सरकारला खडसावले : तीन वर्षांत जाहिरातींवर १,१०० कोटींच्या आसपास खर्च करणाऱ्याला दिल्ली–मेरठ जलद रेल्वेचा ४१५ कोटींचा वाटा देता येत नाही, हे न्यायालयाला पटले नाही.

केंद्राचे आकडे याहून मोठे आहेत. २०१४ ते मे २०१८ या काळात प्रसिद्धीवर ४,३४३ कोटी रुपये खर्च झाल्याचे मुंबईतल्या एका माहिती अधिकार अर्जाच्या उत्तरातून कळले. त्याहून बोलका आकडा संसदेतला आहे. नंदुरबारच्या तत्कालीन खासदार हीना गावित यांच्या अध्यक्षतेखालील महिला सक्षमीकरण समितीने डिसेंबर २०२१ मध्ये दाखवून दिले, की ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’साठी २०१६–१९ मध्ये दिलेल्या ४४६.७२ कोटींपैकी ७८.९१ टक्के रक्कम केवळ माध्यमांतल्या प्रसिद्धीवर गेली. अहवाल सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराच्या समितीचा होता, म्हणून त्याला वजन आहे.

अन्य देशांत हा प्रश्न संविधानापर्यंत गेला आहे. सरकारी प्रसिद्धीत व्यक्तीची जाहिरात होईल असे नाव, चिन्ह किंवा प्रतिमा नसावी, असे ब्राझीलच्या संविधानाचे ३७ वे कलम सांगते. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने २००४ मध्ये जाहिरात छापण्याआधी महालेखापरीक्षकाची संमती सक्तीची केली. २०१५ मध्ये ही सक्ती आणणाऱ्याच पक्षाच्या सरकारने ‘पक्षीय’ या शब्दाची व्याख्या आकसवून तो अधिकार नावापुरता ठेवला.

भारतात हिशेब बाहेर येतो तो प्रामुख्याने माहितीच्या अधिकारातून. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेने अशा अर्जाला उत्तर देताना स्थानकांवरील पंतप्रधानांच्या प्रतिमेसह असलेल्या ‘सेल्फी पॉइंट’चा दर सांगितला : तात्पुरता सव्वा लाख रुपये, कायमस्वरूपी सव्वासहा लाख. त्यानंतर काही दिवसांतच रेल्वेने माहिती अर्जांची उत्तरे महाव्यवस्थापक किंवा विभागीय व्यवस्थापकांच्या संमतीनेच द्यावीत, अशी सूचना काढली.