क्लिफर्ड ब्राऊनची बारा गाणी

ट्रम्पेट हे वाद्य आपल्यापैकी बहुतेकांनी प्रथम ऐकले असेल ते वरातीच्या बँडमध्ये. पुढे ‘अलबेला’ (१९५१) या सी. रामचंद्रांच्या संगीताने गाजलेल्या बोलपटात गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरच अवतरले, आणि या वाद्याचा खट्याळपणा घरोघरी पोहोचला. तेच वाद्य हलक्या आवाजात मनातले सांगू शकते, यावर मात्र सहसा विश्वास बसत नाही. तो बसावा म्हणून मी आज श्रोत्यांना न्यूयॉर्कमध्ये १८ ते २० जानेवारी १९५५ या तीन दिवसांत मुद्रित झालेल्या एका ध्वनिमुद्रिकेकडे नेणार आहे. वादक क्लिफर्ड ब्राऊन. वय अवघे चोवीस.

विल्मिंग्टन गावचा हा निग्रो तरुण काही काळ गणिताचा विद्यार्थी होता. १९५० साली मोटार अपघातात जबर जखमी होऊन तो कित्येक महिने रुग्णालयात पडून राहिला. १९५४ मध्ये ड्रमवादक मॅक्स रोच यांच्याबरोबर त्याने पंचक उभारले आणि विजेसारख्या वादनाने जाणकारांना थक्क केले. अशा वादकाच्या पाठीशी व्हायोलिन आणि चेलो बसवून जुनी प्रेमगीते वाजवून घ्यावयाची, ही कल्पना अनेकांना बाजारू वाटली. स्वररचना बांधणारे नील हेफ्टी हे काउंट बेसींच्या स्विंग वाद्यवृंदासाठी लिहिणारे कसबी गृहस्थ. तरीही त्यांची व्हायोलिने क्वचित पाकात बुडाल्यासारखी वाटतात, हे मलाही मान्य आहे.

गाणी बारा. त्यांतील कित्येक रंगभूमीवरची. जेरोम कर्न यांच्या ‘रॉबर्टा’ (१९३३) या एकाच नाटकातील दोन. नाटक मागे पडले आणि पदे उरली. आपल्या संगीत नाटकांच्या रसिकांना यात नवल वाटणार नाही. ‘व्हॉट्स न्यू’ची चाल तर शब्द मिळण्यापूर्वी, १९३८ साली, ट्रम्पेटसाठीच बांधली गेली होती.

ब्राऊनने या चाली जवळजवळ जशाच्या तशा वाजविल्या. ज्याच्या गळ्यात तानांचे भांडार आहे अशा गवयाने बंदिशीचे बोल तेवढे शांतपणे मांडावेत, तसे. यात तडजोड आहे असे म्हणणाऱ्यांनी वाद्याचा स्वभाव ध्यानी घ्यावा. ट्रम्पेटमध्ये स्वर उमटतो तो वादकाच्या ओठांच्या कंपनातून. द्रुत लयीत एखादा स्वर डळमळला तर तो पुढच्या स्वरांच्या ओघात वाहून जातो. विलंबित लयीत लांबविलेल्या स्वराला लपावयास जागा नसते. श्वास कापला की कापलेलाच ऐकू येतो. ब्राऊनचा स्वर अखेरपर्यंत भरलेला राहतो आणि मग अलगद थरथरू लागतो. ही थरथर त्याने शेवटासाठी राखून ठेवलेली असते.

पुढे सतराच महिन्यांनी, २६ जून १९५६ रोजी, पेनसिल्व्हेनियातील महामार्गावर पावसाळी रात्री मोटार घसरली. ब्राऊन, याच मुद्रिकेत पियानो वाजविणारा रिची पॉवेल आणि पॉवेलची पत्नी तिघेही गेले. ब्राऊनला सव्विसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते.

मुद्रिकेतील शेवटचे गाणे ‘स्टारडस्ट’. लुई आर्मस्ट्राँगने १९३१ मध्ये ते गाऊन वाजवून मनसोक्त मोडले होते. ब्राऊन ते मोडीत नाही.