जुनी स्पोर्ट्स कार : दुरुस्तीला पैसे घालायचे की विकून मोठी गाडी घ्यायची?

गॅरेजमधून व्हॉट्सॲपवर एस्टिमेट येतं. क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, वॉटर पंप, चार टायर, लेबर वेगळं. बेरीज ६ लाख. गाडी १६ वर्षं जुनी, टू-सीटर, परदेशातून आलेली. आज विकायला काढली तर समजा १२ लाख मिळतील. म्हणजे गाडीच्या निम्म्या किमतीचं काम निघालंय.

इथे बहुतेक जण एक ठरलेला हिशोब लावतात : दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढून टाकायची. रोजच्या वापराच्या हॅचबॅकसाठी हा हिशोब बऱ्यापैकी चालतो, कारण ती विकून तशीच दुसरी गाडी सहज मिळते. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र तो फसवा ठरू शकतो. गाडी विकून किती येतील, एवढंच त्यात पाहिलं जातं. तीच मजा देणारी दुसरी गाडी घ्यायला किती जातील, हे कुणी मोजत नाही.

नवी गाडी खरंच कितीला पडते?

भारतात पूर्ण तयार होऊन येणाऱ्या महागड्या गाड्यांवर, म्हणजे ४० हजार डॉलरच्या वरच्या, २०२५च्या बजेटनंतर ७० टक्के सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा अधिभार लागतो. एकूण ११० टक्के. त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी. महाराष्ट्रात आयात गाडीचा रोड टॅक्स २० टक्के. शोरूममध्ये डोळ्यांत भरणाऱ्या किमतीचा केवढा तरी भाग सरकारी तिजोरीत जातो आणि गाडी विकताना तो परत मिळत नाही.

दुसरा खर्च दिसतच नाही : घसारा. विम्याच्या तक्त्यात गाडीची किंमत पहिल्या वर्षाअखेरीस १५ टक्के कमी धरली जाते आणि पाचव्या वर्षापर्यंत निम्म्यावर येते. १ कोटीची गाडी असेल तर ५ वर्षांत कागदावर ५० लाख गेले. वर्षाला सरासरी १० लाख, एकही पार्ट न बदलता. १६ वर्षांच्या गाडीची जी पडझड व्हायची ती बहुतेक होऊन गेलेली असते. या हिशोबात ६ लाखांचं एस्टिमेट एकदम वेगळं दिसायला लागतं. अर्थात, दुरुस्तीला घातलेले ६ लाख विकताना वसूल होतील, अशी आशाही ठेवू नये. ते वापरायचे पैसे आहेत.

मग मधला मार्ग, सात-आठ वर्षं जुनी सेकंड हँड? पर्याय चांगला आहे, पण एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तुम्ही जे बिल टाळण्यासाठी तुमची गाडी विकताय, तसंच बिल टाळण्यासाठी समोरच्याने त्याची विकायला काढलेली असू शकते.

एका बेअरिंगची गोष्ट

दुरुस्तीचा निर्णय कसा घ्यावा, हे समजून घ्यायला पोर्शेचं उदाहरण जगभर दिलं जातं. १९९६ मध्ये आलेली बॉक्सटर आणि १९९७ची ९११ या दोन्ही गाड्यांत पोर्शेने पाण्याने थंड होणारं नवं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं. त्यात क्रँकशाफ्टची गती साखळ्यांमार्फत व्हॉल्व्हच्या यंत्रणेकडे नेणारा एक मधला शाफ्ट आहे. त्याच्या एका टोकाला एक सीलबंद बेअरिंग. वर्षं सरली की सील कडक होतं, आतलं ग्रीस धुऊन जातं, बेअरिंगच्या गोळ्या झिजतात. बेअरिंग तुटलं तर शाफ्ट हलतो, टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि अख्खं इंजिन जातं.

बहुतेक गाड्यांत असं काही झालं नाही. पण ज्यांच्यात झालं त्यांचा खर्च इतका मोठा होता की प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. २००९च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात तो मधला शाफ्टच ठेवला नाही.

आता खरी गंमत. हे बेअरिंग इंजिनच्या मागच्या टोकाला, फ्लायव्हीलच्या आड बसलेलं असतं. तिथे पोहोचायला गिअरबॉक्स आणि क्लच उतरवावा लागतो. बेअरिंग स्वतः फार महाग नाही, महाग आहे ती तिथपर्यंत पोहोचण्याची मजुरी. म्हणून क्लचसाठी गिअरबॉक्स खाली आलाच असेल, तर त्याच वेळी बेअरिंगही बदलून घ्यायचं, असा या गाड्यांच्या मालकांचा शिरस्ता पडला. (२००५-०६ नंतरच्या काही इंजिनांत मात्र बेअरिंग मोठं आहे आणि इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय निघत नाही. तिथे तेल वेळेवर बदलायचं आणि फिल्टर कापून त्यात धातूचे कण दिसतात का ते पाहायचं.)

कोणत्याही एस्टिमेटकडे असंच पाहता येतं. टायर, बुश, क्लच, पंप, रबरी होज ही झिजणारी सामग्री. आज बदलली की पुढची काही वर्षं ती नावं बिलात येत नाहीत. टायर तर कमी चाललेल्या गाडीचेही म्हातारे होतात : बाजूवर छापलेले शेवटचे चार आकडे २३१५ असतील, तर तो टायर २०१५च्या २३व्या आठवड्यात बनलाय, नक्षी कितीही नवी दिसो.

मग विकायची कधी?

पत्रा आणि चासी गंजली असेल, मोठ्या अपघातात सांगाडा वाकून पुन्हा सरळ केलेला असेल, किंवा गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, तर. इथे एक काम संपलं की दुसरं निघतं आणि शेवट कुठे हे मेकॅनिकलाही सांगता येत नाही.

कापडी छताच्या गाड्यांची वेगळी तऱ्हा. जुन्या बॉक्सटरमध्ये छतावरचं पाणी जायला बारीक नळ्या आहेत. त्यात पालापाचोळा अडकला की पाणी आत उतरतं आणि सीटखाली बसवलेलं अलार्मचं इलेक्ट्रॉनिक युनिट भिजतं. गाडी सुरूच होत नाही. मुंबई-कोकणच्या पावसात झाडाखाली उभ्या गाडीला हे व्हायला किती वेळ लागणार? नळ्या साफ करायला खर्च जवळपास नाहीच, युनिट बदलायला मात्र भरपूर.

पार्ट मिळतात का, हाही मोठा प्रश्न. माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी रिस्टोरेशनची योजना जाहीर केली आणि छताच्या कापडापासून लाकडी स्टिअरिंगपर्यंतचे पार्ट पुन्हा बनवले. असं भाग्य सगळ्या गाड्यांच्या वाट्याला येत नाही. एस्टिमेट मंजूर करण्याआधी पार्ट हातात यायला किती दिवस, हे लेखी विचारून घेतलेलं बरं. नाहीतर गाडी सहा महिने गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खाते.

आणि आरटीओ

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर फिटनेस तपासणी करून ती ५-५ वर्षांनी वाढवावी लागते. एप्रिल २०२२ पासून आयात गाडीसाठी हे शुल्क ४० हजार रुपये आहे आणि ऑगस्ट २०२५च्या बदलानंतर २० वर्षांपुढच्या आयात गाडीला ८० हजार. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. आवाजासाठी सायलेन्सर बदललेला असेल किंवा इंजिन दुसरंच बसवलं असेल, तर अडचण होऊ शकते : कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. दिल्ली-एनसीआरमध्ये वयाचे नियम आणखी कडक आहेत, त्यामुळे तिथे बदली होण्याची शक्यता असेल तर ६ लाख घालण्याआधी दोनदा विचार करावा.

‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करून घेऊ, असंही काही जण म्हणतात. २०२१च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. २०१०ची गाडी त्या रांगेत २०६० मध्ये पोहोचेल.