राजवटी कोसळल्या आणि समुद्राचा श्वास मोकळा झाला

१/ राजवट कोसळली की सीमा, चलन आणि पुतळे बदलतात. १९८९ नंतर पूर्व युरोपात एका समुद्राचा तळही बदलला. त्याची ही हकिकत.

२/ जर्मनीत उगम पावणारी डॅन्यूब सुमारे २,८५० किलोमीटर वाहत काळ्या समुद्राला मिळते. महायुद्धानंतर तिच्या खोऱ्यातील साम्यवादी राजवटींनी धान्योत्पादन वाढवण्याचा ध्यास घेतला. १९६० च्या दशकापासून स्वस्त सरकारी खत शेतांत ओतले जाऊ लागले.

३/ पिकांनी न शोषलेले नत्र व स्फुरद पावसाबरोबर नदीत उतरले. काठच्या पाणथळ जमिनी पूर्वी त्यातील काही भाग अडवीत. बांध घालून त्यांचीही शेते करण्यात आली.

४/ त्या खतावर समुद्रात सूक्ष्म शैवाल माजले. ते मरून तळाशी कुजले आणि कुजताना तेथील प्राणवायू संपला. १९७० व १९८० च्या दशकांत वायव्येकडील उथळ समुद्रात उन्हाळ्यात मासे, खेकडे, शिंपले गुदमरून मरत.

५/ १९८९ ते १९९१ या काळात राजवटी कोसळल्या. अनुदान गेले, खत परवडेना; वापर निम्म्याहून अधिक घटला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो मृत पट्टा आक्रसला व तळाशी जीवसृष्टी परतू लागली.

६/ ही सुधारणा कोणी योजलेली नव्हती. तिची किंमत हलाखीतल्या शेतकऱ्यांनी मोजली. १९९४ साली सोफियात डॅन्यूबच्या रक्षणाचा करार झाला. त्यापुढील कसोटी अधिक अवघड होती: शेती सावरल्यावरही समुद्र जिवंत ठेवणे.