खेतवाडीतल्या मुलाची वही

सालिम अलींची गोष्ट आपल्याकडे नेहमी एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू होते. साल १९०८. एअरगनने पाडलेली चिमणी हातात घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात उभा असलेला मुंबईचा एक मुलगा. गोष्ट खरीच आहे. पण तिच्याही आधीची एक गोष्ट आहे, आणि घरात मुलं असणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकावी असं मला वाटतं. ती चिमणीची नाही, वहीची आहे.

सालिम यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६चा. ते वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या भावंडांना खेतवाडीतल्या घरी वाढवलं. घर मुलांनी भरलेलं. मामांना शिकारीचा शौक, तेव्हा पोरांच्या हातीही एअरगन आली. बाजारातून स्वयंपाकासाठी जिवंत तित्तर-लावे यायचे. त्यातले काही वाचवून सालिम जाळीच्या पिंजऱ्यात पाळायचे.

१९०६-०७च्या सुमारास, म्हणजे दहा वर्षांच्या वयात, त्यांनी घरच्या तबेल्यातली एक हकीकत लिहून ठेवली. भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर बसलेली, नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. सालिमने गाडीआड लपून नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला, तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. तोही टिपला. असं सात दिवसांत आठ नर गेले, आणि दर वेळी नवा नर हजर झाला.

मुलाला त्यात आपल्या नेमबाजीची फुशारकी होती. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण १९८५ साली आत्मचरित्रात म्हाताऱ्या सालिम अलींनी हीच नोंद छापली, ती बंदुकीच्या कौतुकासाठी नाही. जोडीदार गेला की मादी इतक्या लवकर दुसरा मिळवते, म्हणजे आसपास बिनजोडीचे नर असलेच पाहिजेत, ही पक्ष्यांच्या वागण्यातली मोलाची गोष्ट त्यात नकळत टिपली गेली होती. ते आठ पक्षी कधीच मातीत मिळाले. उरलं ते लिहिलेलं.

लिहून ठेवण्याची ही सवय आभाळातून पडली नव्हती. तय्यबजी घराण्यात ‘अखबार’ नावाच्या वह्या ठेवायची रीत होती. अखबार म्हणजे खबरांचं अनेकवचन. वही घरात असायची आणि तीत थोरांनी लिहावं, पोरांनी लिहावं, आल्या पाहुण्यानेही लिहावं. रोजच्या साध्या गोष्टी लिहिण्याजोग्या आहेत आणि लहान मूलही त्या लिहू शकतं, हे त्या घराण्याने गृहीतच धरलेलं होतं.

पिवळ्या गळ्याच्या चिमणीचंही तसंच. हा वेगळा दिसणारा पक्षी मुसलमानाला खायला चालेल का, अशी शंका सालिमला आली आणि त्याने मामांना विचारलं. मामांनाही पक्षी ओळखता आला नाही. त्यांनी पोराला गप्प बसवलं नाही. ते स्वतः सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिटणीस मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. मिलार्डनी पक्षी ओळखला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. पुढे तिथेच सालिम पक्ष्याचं कातडं सोडवून नमुना तयार करायला आणि नमुन्यासोबत तपशीलवार नोंद ठेवायला शिकले. कुठे, केव्हा मिळाला हे ठाऊक नसलेला नमुना अभ्यासाच्या दृष्टीने जवळपास मुकाच.

१९३०मध्ये जर्मनीहून शिकून आले तेव्हा त्यांची संग्रहालयातली नोकरी उरली नव्हती. ते आणि पत्नी तहमीना अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. या वेळी बंदूक बाजूला आणि वही पुढे. नर अर्धवट घरटं विणतो, माद्या येऊन पारखतात, एखादीने पसंत केलं की नर ते पुरं करतो आणि पुढच्या घरट्याला लागतो, हे त्यांनी रोज बघून लिहिलं. १९३१ साली तो अभ्यास सोसायटीच्या जर्नलमध्ये आला आणि त्यांचं नाव झालं. तबेल्यातल्या वहीची आणि या वहीची रीत एकच: एका घरट्यापाशी दिवसेंदिवस बसायचं आणि जे दिसलं तेच लिहायचं.

१९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर पक्षी मारणं, अंडी-घरटी गोळा करणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. मुलांच्या डब्यात गळून पडलेली पानं, बिया, शेंगा, रिकामे शिंपले पुष्कळ झाले. पण प्रत्येक वस्तूसोबत चिठ्ठी हवी: तारीख, जागा, कुणाला मिळाली. शंभर रुपयांच्या आतली वही त्याला पुरते. मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांच्या घरालाही खिडकी असते, खिडकीला कबुतर असतं, गल्लीत एखादा पिंपळ असतो. त्याला नवी पालवी कधी फुटली, हे मुलाने दरवर्षी लिहिलं तर पाच वर्षांत त्या गल्लीचा इतिहास तयार होतो.

सालिम अली घडले त्यात सोसायटीचा वाटा मोठाच आहे. पण सोसायटीच्या दारापर्यंत मुलाला पोहोचवलं ते घराने. आपलं मूल उद्या काही उचलून आणेल आणि विचारेल, हे काय? उत्तर आपल्यालाही येत नसेल, तर अमीरुद्दीन मामांनी केलं तेवढं तरी करू या. मुलाला घेऊन जाणत्याकडे जाऊ या. आणि निघण्याआधी त्याला वहीत तारीख लिहायला सांगू या.