राखणीकडून परवान्याकडे : वऱ्हाडातील पीकसंरक्षण आणि परसबागेचा प्रश्न

प्रस्तावना :

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात वसलेले हिवरा आश्रम हे गाव विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादामुळे सर्वदूर परिचित आहे. पुरी आणि वांग्याची भाजी हा प्रसाद पंगतींमध्ये ट्रॅक्टरमधून वाढला जातो. ज्या परिसरात वांग्याला एवढा मान आहे, तेथे घरामागच्या चार वाफ्यांतील वांगी रानडुक्कर, रोही आणि वानर यांच्यापासून राखणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. प्रस्तुत लेखात या राखणीचा इतिहास वऱ्हाडच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

सामूहिक राखण :

पिकाची राखण हे शेतीइतकेच जुने काम होय. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त, चौथ्या सर्गात, उसाच्या सावलीत बसून भात राखणाऱ्या स्त्रिया भेटतात. वऱ्हाडी शिवारात माळ्यावर बसून गोफण फिरविणे, टेंभे पेटविणे, डबे वाजविणे, बाभळीच्या काट्यांनी धुरे बंद करणे आणि रात्रभर जागल करणे या रीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. लगतच्या शेतांतील माणसे एकमेकांना हाका देत रात्र काढीत, त्यामुळे एकाच्या जागरणाचा लाभ शेजाऱ्यासही मिळे. गावगाड्यात राखणीसाठी ‘जागल्या’ होता. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाताना हात आखडता घ्यावा लागतो. कारण राखणीचा भार ज्यांच्यावर होता ते बहुधा जातिव्यवस्थेच्या तळाशी होते आणि त्यांचा मोबदला इतरांच्या मर्जीवर अवलंबून असे.

शस्त्र, परवाना आणि कायदा :

1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे 1878 च्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगण्यास परवाना आवश्यक ठरला. स्वातंत्र्यानंतर 1959 च्या शस्त्र कायद्यातील तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे जी राखण शिवाराची होती, ती आता परवानाधारकाची झाली. ज्याच्याकडे जमीन, ऐपत आणि कचेरीत ओळख, त्यालाच बंदूक मिळणे सोपे, हे वेगळे सांगावयास नको.

याच काळात सरकार हिंस्र श्वापदे मारणाऱ्यांना बक्षिसे देत होते. वाघ, बिबट्या आणि लांडगा कमी होत गेल्यावर तृणभक्षी प्राण्यांवरील नैसर्गिक नियंत्रण सैल झाले. अलीकडच्या दशकांत जिल्ह्यात ज्वारी मागे पडून सोयाबीन वाढले आणि पडीक जागी वेड्या बाभळीची झुडपे माजली. रानडुकरांना चारा व आडोसा दोन्ही शिवारातच मिळाले.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधन आले. हे बंधन आवश्यकच होते; काळवीट त्यामुळेच आज दिसते. कायद्याच्या अकराव्या कलमात उभ्या पिकास धोका निर्माण करणाऱ्या काही प्राण्यांबाबत सक्षम अधिकाऱ्याने लेखी आदेश देण्याची तरतूद आहे आणि तेथे ‘कोणत्याही जमिनीवरील’ उभे पीक असेच शब्द आहेत. कायद्याच्या दृष्टीने परसबाग वगळलेली नाही.

परसबाग कोठे बसते? :

अडचण नुकसानभरपाईच्या पद्धतीत आहे. अर्जासोबत सात-बारा उतारा लागतो आणि पंचनामा शेतातील पिकाचा होतो. गावठाणातील घराच्या जागेस सात-बारा नसतो. तिची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये असते आणि तेथे पीकपेऱ्याचा रकानाच नाही. मेथी, वाल, गवार, मिरची, मांडवावरचा भोपळा यांचे मोल बाजारात थोडे असले, तरी रोजच्या ताटात मोठे असते. शिवाय ही बाग बहुतेक वेळा घरातील स्त्रीच लावते, तीच पाणी घालते आणि पहाटे उठून उकरलेले वाफे तीच पाहते. शेताच्या नुकसानीचा निदान अर्ज तरी होतो.

उपायही विषम आहेत. सौर कुंपण व झटका यंत्र शेतासाठी घेतले जाते. काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत थेट वीजप्रवाह सोडतात. हा बेकायदेशीर प्रकार असून विदर्भात त्यात माणसांचेही बळी गेले आहेत. परसबागेभोवती मात्र जुन्या साड्याच बांधलेल्या दिसतात. वाऱ्यावर हलणाऱ्या रंगीत पदरांनी जनावर काही रात्री बुजते. नंतर सरावते, आणि साडी फाटली की दुसरी शोधावी लागते.