टोपी, डोकें आणि सोवळें

‘ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर’ ही म्हण आपण पैशाच्या उलाढालींतील लबाडी दाखविण्यासाठीं वापरतों. शब्दशः अर्थ घेतला तर तींत लबाडीइतकीच किळसही आहे. दुसऱ्यानें वापरलेले जोडे, वस्त्र, जानवें, अलंकार, माळ आणि कमंडलु धारण करूं नयेत, असें मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत सांगितलें आहे. त्या यादींत टोपीचें नांव नाहीं. परंतु आमच्या घरांत ती केव्हांच समाविष्ट झाली आहे. गेल्या वैशाखांत आम्ही उन्हासाठीं कापडी टोपी घेण्यास बाजारांत गेलों होतों. एक टोपी उचलून डोक्यावर ठेवणार, तोंच सौभाग्यवतींनीं हात धरला. “अहो, आधीं डोक्याला रुमाल बांधा. कुणाकुणाच्या डोक्यावर बसून आली असेल ती, कोण जाणे!” दुकानदार हंसून म्हणाला, “काकू, सगळेच घालून बघतात हो!” ह्या उत्तरानें शंका फिटण्याऐवजीं वाढली, आणि आम्ही निमूटपणें रुमाल बांधून टोपीचें माप पाहिलें. घरीं परततांना मात्र त्या ‘सगळेच’ ह्या शब्दानें आमचा पिच्छा पुरविला. कारण टोप्यांच्या दुकानांचा इतिहास पाहूं जातां, सर्वत्र सगळेच टोपी घालून पाहत होते असें मुळींच नाहीं; आणि जेथें कांहींना मज्जाव होता, तेथें सबब म्हणून पुढें केली जात होती ती हीच स्वच्छतेची काळजी.

प्रथम ह्या काळजीला तिचें न्याय्य माप दिलें पाहिजे. ती अगदींच निराधार नाहीं. ट्यूनिस येथील पाश्चर संस्थेंत शार्ल निकोल ह्या फ्रेंच वैद्यानें १९०९ सालीं टायफस ज्वराचा प्रसार उवांमार्फत होतो, हें सिद्ध केलें. इस्पितळांत दाखल करतांना ज्या रोग्यांना स्नान घालून त्यांचे कपडे बदलीत, त्यांच्यापासून पुढें कोणास लागण होत नाहीं, एवढ्या साध्या निरीक्षणावरून त्याला ही दिशा सुचली. ह्या शोधाबद्दल १९२८ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. पहिल्या महायुद्धांत व त्यानंतर सर्बिया आणि रशिया ह्या देशांत ह्या ज्वरानें जो संहार केला, तो आठवला म्हणजे ‘ऊ’ ह्या एकाक्षरी प्राण्याविषयीं थट्टा करवत नाहीं. परंतु निकोलची अपराधी ऊ कपड्यांच्या शिवणींत राहणारी, अंगावरची, डोक्यावरची नव्हे. डोक्यावरची ऊ उडी मारीत नाहीं, डोकें सुटल्यावर दोन दिवसही जगत नाहीं, आणि तिचें स्थलांतर मुख्यतः डोक्याला डोकें लागूनच होतें. टोपीचा वाटा त्यांत फार थोडा. डोक्याच्या गजकर्णाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याची बुरशी कंगव्यावर, फणीवर आणि टोपीवर टिकूं शकते. तेव्हां धोका आहे, पण तो अल्प आहे. आणि त्यावरील उपाय म्हणजे आंत घालण्यास एक पातळ कागद, एक ब्रश, थोडें ऊन आणि थोडा धीर. हे उपाय कोणत्याही डोक्याला सारखेच लागू पडतात, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सारें विवेचन तिच्यावरच उभें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पाश्चात्य शहरांत मोठमोठीं वस्तुभांडारें उभीं राहिलीं. पॅरिसमध्यें ‘बाँ मार्शे’ आणि फिलाडेल्फियांत १८७६ सालीं एका जुन्या रेल्वे-वखारींत थाटलेलें जॉन वॉनामेकर ह्यांचें भांडार हीं त्यांतील प्रसिद्ध नांवें. त्यांनीं व्यापाराची एक नवी नीति रूढ केली. भाव ठरलेला, घासाघीस नाहीं, माल पहा, हाताळा, अंगावर घालून आरशापुढें उभे रहा, न पटल्यास परत आणा. पूर्वीं दुकानदार गिऱ्हाइकाची ऐपत आणि कूळ पाहून माल काढीत असे. आतां दार सर्वांना उघडें झालें. त्या काळीं उघड्या डोक्यानें रस्त्यांत हिंडणें पाश्चात्य समाजांत अशिष्ट समजलें जाई. म्हणून टोपी ही चैनीची नव्हे, तर प्रतिष्ठेची वस्तु होती. तीं दालनें, तो आरसा आणि ती अदबीनें टोपी पुढें करणारी विक्रेती ह्यांत लोकशाहीचा एक लहानसा विधि रोज पार पडत असे.

अमेरिकेच्या दक्षिण भागांत मात्र ह्या विधींतून एक सबंध समाज वगळला गेला. १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. परंतु १८९६ सालीं ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ ह्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें ‘वेगळे पण समान’ ह्या तत्त्वावर शिक्कामोर्तब केलें आणि आगगाडीपासून स्मशानापर्यंत वर्णभेदाच्या रेषा आंखल्या गेल्या. वस्तुभांडारांना कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांचा पैसा हवा होता, म्हणून त्यांना दार बंद नव्हतें. बंदी होती ती स्पर्शाला. पुष्कळ दुकानांत कृष्णवर्णीय स्त्रीला टोपी घालूनच पाहूं देत नसत. कोठें आधीं डोक्यावर फडकें बांधावें लागे, तर कोठें विक्रेती टोपींत कागद घालून मगच ती पुढें करी. जोडे घेण्यासाठीं पायाची आकृति कागदावर काढून न्यावी लागे. घरीं नेलेला माल परत घेण्याचा नियम त्यांच्यापुरता रद्द होता. एकदां टोपी डोक्याला लागली कीं ती विकत घेतलीच पाहिजे, मग ती बसो वा न बसो. ह्यांतील बहुतेक गोष्टी कायद्यांत लिहिलेल्या नव्हत्या. त्या रूढीनें चालत, आणि विचारल्यास उत्तर मिळे तें आरोग्याचें. केसांच्या तेलानें अस्तर डागाळेल, उवा असतील, दुसरीं गिऱ्हाइकें मग ती टोपी घेणार नाहींत.

ही आरोग्याची सबब किती प्रामाणिक होती, हें पाहण्यास प्रयोगशाळा नको. दुकानांतून टोपी घेऊन गोरी गृहिणी घरीं जाई, तेव्हां तिचा स्वयंपाक कृष्णवर्णीय बाई करी. तिचें मूल कृष्णवर्णीय दाईच्या मांडीवर निजे. तिच्या उशीचे अभ्रे कृष्णवर्णीय परटीण धुऊन इस्त्री करी. जो हात अन्नांत चाले, बाळाच्या तोंडाजवळ चाले, तोच टोपीला लागतांच अपवित्र होई. उलटपक्षीं गोऱ्या डोक्यांत उवा नसतात, असें कोणत्याही वैद्यानें सांगितलेलें नव्हतें; तरी गोऱ्या डोक्याला फडकें बांधावयास कोणी सांगत नसे.

बाल्टिमोर शहरांतील एक प्रसंग येथें आठवतो. त्या शहरांत १९०८ सालीं जन्मलेला थर्गुड मार्शल हा मुलगा शाळेंत असतांना एका दुकानाच्या टोप्या घरोघरीं पोंचविण्याचें काम करी. एकदां टोप्यांच्या पेट्यांची चवड हातांत घेऊन ट्रॅममध्यें चढतांना पेट्यांमुळें पुढचें दिसेना आणि त्याचा धक्का एका गोऱ्या बाईस लागला. एका गोऱ्या गृहस्थानें त्याला मागें ओढून शिवी दिली. मुलानेंही हात उचलला, आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलें. दुकानाच्या यहुदी मालकानें त्याची बाजू घेऊन त्याची सुटका करविली. हाच मुलगा पुढें वकील झाला; शाळांतील वर्णभेद मोडणारा १९५४ सालचा ‘ब्राउन’ खटला त्यानें जिंकला; आणि १९६७ सालीं तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश झाला. टोप्या वाहून नेण्यास त्याचे हात चालत होते. ओझ्याखालीं झालेला नकळत स्पर्श मात्र चालला नाहीं.

टोपी न घालूं देण्यानें असें काय मोठें बिघडलें, असें कोणी म्हणेल. परंतु आठवड्याचे सहा दिवस ज्या स्त्रिया दुसऱ्यांच्या घरीं राबत, त्यांचा स्वतःचा असा एकच दिवस असे, तो रविवार. आणि त्या दिवशीं देवळांत मस्तक झांकून, आपल्या ऐपतींतील उत्तम टोपी घालून जाणें हा त्यांचा मान होता. ईस्टरची टोपी म्हणजे आपल्याकडील पाडव्याचें नवें लुगडेंच. तें लुगडें अंगाला न लावतां, लांबूनच बोट दाखवून घ्यावयाचें, तेंही मुलींच्या डोळ्यांदेखत! आपल्या आईच्या केसांविषयीं जगाचें मत काय आहे, तें त्या मुली शाळेंत जाण्यापूर्वींच शिकत.

ह्या अपमानाला त्या समाजानें दोन प्रकारें उत्तर दिलें. पहिलें उत्तर स्वतःचीं दुकानें काढण्याचें. जॉर्जियांत जन्मलेल्या मे रीव्ह्‌ज ह्या बाईंनीं फिलाडेल्फियांत १९४० च्या सुमारास पांचशें डॉलर कर्ज काढून टोप्यांचें दुकान घातलें. तेथें मोलकरणींपासून मेरियन अँडरसन आणि एला फिट्‌झजेराल्ड ह्यांच्यासारख्या गायिकांपर्यंत सर्व जणी आरशापुढें बसून हवी ती टोपी हव्या तितक्या वेळां घालून पाहत. त्या दुकानांतील टोप्या आणि सामान वॉशिंग्टन येथें २०१६ सालीं उघडलेल्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आज मांडलेलें आहे.

दुसरें उत्तर लढ्याचें. १ डिसेंबर १९५५ रोजीं माँटगोमेरी येथें बसमधील जागा न सोडल्याबद्दल ज्यांना अटक झाली, त्या रोझा पार्क्स अशाच एका मोठ्या भांडारांत शिवणकाम करीत. गिऱ्हाइकांचे कपडे बेताचे करून देणें हेंच त्यांचें काम होतें. १ फेब्रुवारी १९६० रोजीं ग्रीन्सबरो येथें चार विद्यार्थ्यांनीं एका भांडारांत टूथपेस्ट वगैरे वस्तु घेतल्या, पावती घेतली, आणि मग त्याच दुकानाच्या खाण्याच्या टेबलाशीं जाऊन ते बसले. एका टेबलावर आमचा पैसा चालतो, दुसऱ्यावर आम्ही कां चालत नाहीं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांतून उसळलेली चळवळ १९६३ सालीं बर्मिंगहॅमला पोंचली. तेथें ईस्टरच्या ऐन खरेदींतच दुकानांवर बहिष्कार पडला. मुलांवर पाण्याचे लोंढे आणि कुत्रे सोडल्याचीं चित्रें जगभर झळकलीं. आणि १० मे रोजीं तह जाहीर झाला. त्या तहाचें पहिलें कलम खाण्याच्या टेबलांविषयीं नव्हतें. निदर्शनें थांबल्यापासून तीन दिवसांच्या आंत दुकानांतील कपडे घालून पाहण्याच्या खोल्या सर्वांना खुल्या व्हाव्यात, असें तें होतें.

ह्या ‘तीन दिवसां’पाशीं इतिहासाच्या अभ्यासकानें क्षणभर थांबावें. पिढ्यानुपिढ्या जी गोष्ट आरोग्यास घातक होती, ती तीन दिवसांत निर्धोक झाली. त्या अवधींत नवा साबण निघाला नव्हता, उवा नामशेष झाल्या नव्हत्या, कोणाचे केस बदलले नव्हते. बदलला होता फक्त दुकानदारांच्या गल्ल्याचा हिशेब. जो रोग करारानें बरा होतो, तो रोग शरीराचा नव्हे. पुढल्या वर्षीं, २ जुलै १९६४ रोजीं नागरी हक्कांचा कायदा झाला. त्यांत हॉटेलें, खाणावळी, नाटकगृहें आणि पेट्रोलपंप नांवानिशीं घातलेले आहेत. नुसता माल विकणारीं दुकानें त्या यादींत नाहींत. टोपीचा आरसा कायद्यानें खुला झाला, त्याहून अधिक लोकांनीं तो खुला करविला.

आमच्या मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटूं नये. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अर्पण केलें, तें गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांनाच. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ हीं वर्षें न्यूयॉर्कला शिकत होते. आणि १९४६ सालीं त्यांनीं ड्यू बॉइस ह्या कृष्णवर्णीय विद्वानास पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितींतील साम्य बोलून दाखविलें. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी अस्पृश्यांनीं प्राशन केलें, तेव्हां सनातन्यांनीं तें तळें पुन्हां ‘शुद्ध’ केलें. कशानें? शेण, गोमूत्र, दूध आणि दही ह्यांच्या १०८ घागरींनीं. आरोग्यखात्यानें असा उपाय सुचविला असता तर त्याच लोकांनीं तक्रार केली असती. खटला दहा वर्षें चालून १९३७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत अनादि वहिवाटीचा दावा फेटाळला गेला. वर्ण आणि जाति ह्यांचा इतिहास एक नव्हे, हें आम्ही जाणतों. तरीही आपल्या भाषेंत स्वच्छता आणि सोवळें असे दोन निरनिराळे शब्द आहेत, हें आपलें भाग्य. स्वच्छता वस्तूकडे पाहते: ही टोपी धुतली केव्हां, हींत काय आहे? सोवळें माणसाकडे पाहतें: ही टोपी घातली कोणीं? पहिल्या प्रश्नाला साबण पुरतो. दुसऱ्याला सात समुद्रांचें पाणीही पुरत नाहीं.

२०२० च्या महामारींत कितीतरी दुकानांनीं कपडे घालून पाहण्याच्या खोल्या बंद ठेवल्या. ती भीति पुढें अतिरिक्त ठरली. पण तो नियम सर्वांना सारखा होता, म्हणून त्याचें कोणास शल्य वाटलें नाहीं. त्याच काळांत आमच्या शहरांतील कांहीं इमारतींत घरकाम करणाऱ्या बायकांना रहिवाशांची लिफ्ट बंद झाली, ही मात्र त्या दुसऱ्या शब्दाची करणी.

इतकें लिहून झाल्यावर आम्ही चहासाठीं स्वयंपाकघरांत गेलों. फळीच्या टोंकाला, इतर कपांपासून वेगळा, कान तुटलेला एक कप उपडा ठेवलेला असतो. तो आमच्याकडे भांडीं घासणाऱ्या बाईंचा. बाकीचे सारे कप त्याच घासतात आणि त्यांतून आम्ही चहा पितों. तो कप वेगळा कां, असें आम्हांस कोणीं विचारलें असतें, तर कालपर्यंत आम्ही ‘स्वच्छतेसाठीं’ असेंच उत्तर दिलें असतें. आम्हीं तो उचलून इतर कपांत ठेवला. सौभाग्यवतींनीं पाहिलें, क्षणभर थांबल्या, आणि म्हणाल्या, “तुटक्या कानाचा कशाला ठेवायचा? टाकून द्या. त्यांनाही ह्यांतलाच देऊं.”