ओंदोल : चुलीच्या धुरावर तापणारी जमीन

कोरियन द्वीपकल्पावर हिवाळ्यात सायबेरियाकडून कोरडे, बोचरे वारे येतात आणि उत्तरेकडील डोंगराळ भागात पारा कित्येक आठवडे शून्याच्या वर चढत नाही. या थंडीवर तेथील लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे 'ओंदोल', अर्थात खोलीतील हवेऐवजी खोलीची जमीनच तापवण्याची पद्धत. स्वयंपाकघराची जमीन शेजारच्या खोलीपेक्षा खोल ठेवून तेथे चूल बांधली जाई. चुलीवर भात शिजत असताना तिची आच आणि धूर वर न जाता खोलीखालच्या दगडी पाटांतून आडवे वाहत, आणि पलीकडच्या बाजूच्या धुराड्यातून बाहेर पडत. पाटांवर सपाट दगडी फरशा, फरशांवर मातीचा लेप आणि त्यावर तेल पाजलेला जाड कागद अशी या जमिनीची रचना असे. चुलीजवळच्या फरशा जाड आणि दूरच्या पातळ ठेवल्या जात, कारण जवळची जमीन चटका देऊ नये आणि दूरची गार राहू नये. दगड एकदा तापले की उष्णता हळूहळू सोडतात, त्यामुळे संध्याकाळच्या स्वयंपाकाची ऊब पहाटेपर्यंत पुरे.

जमीन तापवण्याची कल्पना एकट्या कोरियाची नव्हे. रोमन स्नानगृहांची जमीन विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचललेली असे आणि तिच्याखालून भट्टीची गरम हवा फिरवली जाई. काश्मीरमधील मशिदींत आणि जुन्या घरांतही दगडी जमिनीखाली लाकूड जाळून तापवलेली 'हमाम'ची खोली असते. मात्र रोमन भट्टी केवळ तापवण्यासाठीच पेटत असे, तिला वेगळे सरपण आणि राबणारे गुलाम लागत, आणि साम्राज्याची घडी विस्कटताच पश्चिम युरोपातून ती जवळजवळ नाहीशी झाली. ओंदोल टिकला याचे मुख्य कारण, तो रोजच्या चुलीला जोडलेला होता, हेच मानावे लागते.

त्याचा उगमही वैभवात नाही. लोहयुगातील वस्त्यांच्या उत्खननात भिंतीलगत जाणारा एखादाच धूरमार्ग सापडतो. बसण्या-झोपण्यापुरती तेवढीच कड उबदार होत असावी. 945 मध्ये पूर्ण झालेल्या तांग राजवटीच्या चिनी इतिहासग्रंथात गोगुर्यो राज्यातील लोकांविषयी नोंद आहे, ती अशी की तेथील गरीब लोक हिवाळ्यात लांब चर खणतात आणि त्याखाली विस्तव ठेवून ऊब घेतात. संपूर्ण खोलीची जमीन तापवण्याची रीत त्यानंतर, गोर्यो राजवटीच्या काळात (918–1392), रुळली. तरीही ती घरोघरी पोचली नव्हती. अठराव्या शतकातील विद्वान यी इक याने लिहून ठेवले आहे की पूर्वी मोठ्या घरांतही एखाद-दुसरीच खोली ओंदोलची असे आणि ती वृद्धांसाठी व आजाऱ्यांसाठी राखलेली असे.

सतराव्या शतकात, पृथ्वीच्या बऱ्याच भागांत हवामान अधिक थंड झाले असताना, हे चित्र पालटले. गरिबांची ऊब वाड्यांत, सरकारी कचेऱ्यांत आणि राजवाड्यात शिरली. याची किंमत डोंगरांनी मोजली. जोसॉन राजवटीने पाइनच्या तोडीवर निर्बंध घातले होते, तरी राजधानीभोवतालचे डोंगर उघडे पडत गेले. जंगलतोडीला इतरही कारणे होती, पण ओंदोलच्या कौतुकात त्याचा हा वाटा सहसा सांगितला जात नाही.

घरातील मानपानही या उबेने ठरवला. चुलीलगतची सर्वांत उबदार जागा, 'आरेन्मोक', घरातील वडीलधाऱ्यांची किंवा पाहुण्यांची असे, आणि धाकट्यांनी पलीकडच्या गार बाजूला बसावे हा शिष्टाचार होता. जमिनीवरच बसणे, जेवणे आणि झोपणे असल्यामुळे पादत्राणे दाराबाहेर राहत आणि घरातील सामान बुटके असे.

कोरियन युद्धानंतर (1950–53) शहरांत लाकडाची जागा 'योनतान'ने, म्हणजे भोके पाडलेल्या गोल कोळशाच्या विटेने घेतली. जंगलांवरील भार त्यामुळे हलका झाला, पण जमिनीला बारीकशी भेग पडली तरी कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू झोपलेल्यांच्या खोलीत शिरे. पुढील दशकांत दरवर्षी शेकडो माणसे अशी झोपेतच दगावली. ओंदोलच्या इतिहासातील हे सर्वांत काळे पान होय.

विस्तवाऐवजी गरम पाण्याच्या नळ्या जमिनीत पुरण्याच्या आधुनिक पद्धतीशीही ओंदोलचा संबंध पोचतो. अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉईड राइट याने टोकियोतील इम्पीरियल हॉटेलच्या कामाच्या काळात उद्योगपती ओकुरा यांच्या घरची 'कोरियन खोली' अनुभवली, असे त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे 1937 मध्ये मॅडिसन शहरात बांधलेल्या जेकब्स घरात त्याने काँक्रीटच्या जमिनीखाली नळ्या घातल्या. ओकुरा यांनी ग्योंगबोकगुंग राजवाड्यातील एक इमारतच सोलहून उचलून टोकियोत नेली होती. ती 1923 च्या भूकंपात जळाली आणि तिचे जोत्याचे दगड 1990 च्या दशकात कोरियात परत आले.

दक्षिण कोरियातील उंच इमारतींत आता चूल नाही, पाटही नाहीत. बॉयलरचे पाणी नळ्यांतून फिरते. 2018 मध्ये तेथील सरकारने 'ओंदोल संस्कृती'ला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला, आणि ती साऱ्या देशाच्या वापरात असल्यामुळे तिचा वारसदार म्हणून कोणत्याही एका कारागिराचे किंवा संस्थेचे नाव घोषित केले नाही.